दहा मिनिटं पुढचा सर्व्हर

पनवेलजवळच्या सुकापूरच्या नीलपर्ण सोसायटीचा हिशेबाचा संगणक बंद पडला, तेव्हा आरोन अष्टमकर परगावी असते तर कमिटीने मुकाट्याने नवीन संगणक आणला असता आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण अष्टमकर घरीच होते. न्हावा-शेवा बंदरातला माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग कंपनीत त्यांनी संगणक विभाग सांभाळला होता, तोही संगणकाला स्वतंत्र खोली असे आणि तिच्याबाहेर चपला काढून ठेवत तेव्हापासून. असा माणूस निवृत्त झाला की त्याला वस्तू सुचत नाहीत, योजना सुचतात.

योजना अशी. सोसायटीकडे तीन संगणक होते. एकावर हिशेब, एकावर फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, आणि तिसरा पाण्याचा पंप ठरल्या वेळी चालू-बंद करायचा. तिघांचीही वयं झालेली. बेलापूरचं एक ऑफिस गाशा गुंडाळत होतं आणि तिथला भलाथोरला सर्व्हर मिळण्यासारखा होता. तो एकच आणायचा आणि त्याच्या पोटात चार संगणक करायचे. तीन या तिघांच्या जागी, आणि चौथा गच्चीच्या बुकिंगसाठी, कारण गच्ची कुणाला कधी दिली यावरून सोसायटीतली दोन कुटुंबं एकमेकांशी बोलत नव्हती.

“पोटात म्हणजे नक्की कुठे?” सेक्रेटरी कुमुद वैशंपायन यांनी विचारलं. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीनंतरही त्यांच्यासमोर बोलताना लोक हात मागे बांधत.

“व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला,” अष्टमकर म्हणाले. “डबा एकच असतो. आत चार मशिनं वेगवेगळी चालतात. बाकीची तीन आहेत हे एकालाही माहीत नसतं. प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच.”

“माज्या चार पोरांसारखा हाय,” अध्यक्ष हरेश म्हात्रे म्हणाले. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती एकेकाळी म्हात्र्यांची भातशेती होती, त्यामुळे अध्यक्षपद त्यांच्याकडे असे आणि त्यांच्या विनोदाला हसण्याची जबाबदारी बाकीच्यांकडे. बाकीचे हसले आणि योजना मंजूर झाली.

अष्टमकरांना हा सर्व्हर कशाला हवा होता, हे मात्र कमिटीला ठाऊक नव्हतं. त्यांची मुलगी शेरॉन लग्न करून इस्रायलमध्ये अश्दोदला गेली होती. तिकडे तिला मुलगी झाली. दर शुक्रवारी, दोन्हीकडे शब्बाथचा विश्रांतीचा दिवस लागायच्या आधी, ती फोन करून विचारायची, “आई-बाबा, कधी येताय?” बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांत हा प्रश्न किती तरी वर्षं विचारला जातो आहे आणि त्याला उत्तर म्हणून एकेक घर रिकामं होत गेलं आहे. अष्टमकरांचे भाऊ गेले, चुलते गेले, शाळेत ज्याच्या वहीतलं गणित उतरवून काढलं तो मोशेही गेला. फोन ठेवला की बेला नवऱ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “काय करायचं? जायचं का?”

अष्टमकरांना जायचं नव्हतं. पनवेलवर त्यांचा फार जीव होता असं नाही. जीव जडावा असं रस्ते खोदणाऱ्यांनी तिथे फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही. पण इथे केळीवाला त्यांना नावाने ओळखत होता, आणि या वयात परक्या गावात जाऊन नुसते शेरॉनचे बाबा होऊन राहायची त्यांना भीती वाटत होती. ही भीती बायकोला सांगणं त्यांना जमत नव्हतं. ‘नाही’ म्हटल्यावर तिचा चेहरा कसा होईल, याचं चित्र त्यांनी मनाशी इतक्या वेळा रंगवलं होतं की ते बघायची पाळीच येऊ नये असं त्यांना वाटे. मधले काही महिने तिकडची विमानंच धड चालू नव्हती, ते दिवस त्यांना फार सोपे गेले. मग विमानं सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात हिशेबाचा संगणक बंद पडला. अष्टमकरांनी तो देवाचा संकेत मानला.

“एवढं सर्व्हरचं मार्गी लागू दे,” ते बेलाला म्हणाले. “चार लोकांत जबाबदारी घेतलीय.”

ज्यांनी कधी सर्व्हर सांभाळला आहे त्यांना कल्पना असेल, की तो मार्गी लागत नसतो.

सर्व्हर टेम्पोतून आला तेव्हा बघायला निम्मी सोसायटी खाली होती. तो जिन्याखालच्या खोलीत, गणपतीच्या मखराशेजारी ठेवायचं ठरलं. पहिल्या मजल्यावरच्यांनी त्याचा आवाज येतो अशी तक्रार केली, तेव्हा तो अजून सुरूही झाला नव्हता. म्हात्र्यांनी तो भिंतीला चिकटवू नका, त्याला पन वारा लागतो, असं सांगितलं. चौथ्या मजल्यावरचा स्वानंद एका बड्या कंपनीत संगणकाचंच काम करायचा, तेही घरात बसून. त्याने सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, “काका, हे सगळं क्लाउडवर टाका.” स्वानंद स्वतः कधी खाली येत नसे, त्याचे सल्ले येत. पुढे पंप जळला तेव्हाही त्याने हेच लिहिलं.

या कामात पडणाऱ्याने एक पथ्य पाळावं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते कमिटीला समजावून सांगू नये, कारण समजलं की प्रत्येकाला त्यात हिस्सा लागतो. सर्व्हरची मेमरी चार मशिनांत वाटायची होती. कुमुदताईंना हिशेबाच्या मशीनला निम्मी हवी होती, कारण हिशेब महत्त्वाचा. म्हात्र्यांना फाटकाच्या मशीनला निम्मी हवी होती, कारण फाटकावर त्यांचा भाचा बसायचा. पंपाची बाजू घ्यायला तळमजल्यावरचे दोघं आले. अष्टमकरांनी सगळ्यांना हो म्हटलं आणि होती त्यापेक्षा दीडपट मेमरी वाटून टाकली. असं करता येतं. सगळ्यांनी एकाच वेळी मागितली नाही म्हणजे झालं. बिल्डरने नीलपर्णचं पार्किंग याच तत्त्वावर विकलं होतं, त्यामुळे ही गोष्ट लोकांना पटकन पटली.

मग ऑडिटर आले. त्यांना कागदावर चार मशिनं दिसत होती आणि जिन्याखाली एक डबा.

“उरलेली तीन कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

“यातच आहेत,” अष्टमकर म्हणाले.

“उघडून दाखवा.”

अष्टमकरांनी स्क्रीनवर चार खिडक्या उघडून दाखवल्या. ऑडिटरनी त्या सौजन्याने बघितल्या आणि सांगितलं, की संस्थेच्या मालकीच्या प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक घातलेला असला पाहिजे आणि तो त्यांना हाताने चाचपता आला पाहिजे. शिवाय जुने तीन संगणक मोडीत काढायला ठराव हवा, ठरावाला सर्वसाधारण सभा हवी, आणि सभेला गणसंख्या हवी, जी नीलपर्णच्या इतिहासात एकदाच, फुकट आइस्क्रीम होतं तेव्हा, झाली होती. शेवटी पेंटर बोलावून त्या एका डब्यावर पांढऱ्या रंगाने चार क्रमांक घातले आणि जुने तिघे मखरामागे रचून ठेवले. ज्या जागेच्या बचतीसाठी एवढा खटाटोप केला ती जागा अशी भरली.

तरी सर्व्हर चालत होता. काही आठवडे तर तो इतका सुरळीत चालला की अष्टमकर धास्तावले. बेला एकदा सहज म्हणाल्या, “झालं ना तुमचं मार्गी?” त्यावर ते म्हणाले, “आत्ता कुठे सुरुवात आहे.”

आणि मग ते घड्याळ आलं.

अष्टमकरांच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. ही त्यांच्या वडिलांची शिस्त. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शब्बाथचा दिवा लागला पाहिजे, आणि वडील शमुएल अष्टमकर नोकरीवरून धापा टाकत ऐन वेळी घरात शिरायचे. एकदा त्यांनी घड्याळं पुढे सारून ठेवली, त्यानंतर दिवा कधी चुकला नाही. वडील गेले, घड्याळं तशीच राहिली. भिंतीवरचं पुढे, मनगटावरचं पुढे, एवढंच काय, मोबाईलही हाताने दहा मिनिटं पुढे करून ठेवलेला. घरात सगळ्यांना हे माहीत असल्यामुळे प्रत्येक जण मनातून दहा मिनिटं वजा करी आणि पूर्वीइतक्याच उशिरा निघे, तो भाग वेगळा.

एके दिवशी जिन्याखाली बसले असताना अष्टमकरांच्या लक्षात आलं, की सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे. त्यांनी ते नीट केलं. थोड्या वेळाने पाहतात तर सर्व्हरने ते आपलं आपण पूर्वीसारखं करून घेतलेलं. तो इंटरनेटवर खरी वेळ विचारत असे. यंत्राने आपल्याला वेळ शिकवावी हे अष्टमकरांना रुचलं नाही. त्यांनी ती विचारायची सोयच बंद केली आणि घड्याळ पुन्हा नीट केलं. पोटातली चारही मशिनं डब्याच्या घड्याळाकडे बघून चालत असल्यामुळे तीही निमूटपणे दहा मिनिटं पुढे गेली.

जाणकार इथे कपाळाला हात लावतील. ज्या डब्यात मशिनं राहतात त्याच्या घड्याळाशी खेळू नये, हे या विद्येतलं पहिलीच्या पुस्तकातलं वाक्य आहे. अष्टमकरांनी ते वाचलंही होतं. पण त्यांच्या मते ते खेळले नव्हते, त्यांनी चूक दुरुस्त केली होती.

पहिला बळी पंपाचा. पाणी यायची वेळ ठरलेली, आणि पंप आता पाणी यायच्या आधीच सुरू होऊन कोरडा घरघरत बसायचा. दोन-चार दिवस त्याने सहन केलं आणि मग जळका वास सोडून तो कायमचा बसला. अष्टमकरांनी पंपाच्या मशीनला आणखी मेमरी दिली.

दुसरा बळी कुमुदताईंच्या घरी काम करणाऱ्या बाईंचा, म्हणजे खरं तर कुमुदताईंचाच. फाटकाच्या मशीनवर बोट टेकवलं की कामाला येणाऱ्यांची वेळ नोंदली जाई. बाई रोजच्या वेळेला आल्या आणि मशीनने त्यांना दहा मिनिटं उशीर लावला. मुख्याध्यापिका असलेल्या माणसाकडून उशिराची नोंद दुर्लक्षित राहणं शक्य नव्हतं. आठवडाभर कुमुदताईंनी रोज नोंद दाखवली. मग बाई म्हणाल्या, “आमी येलेवरच येतो. तुमचा मशीनच जर साहेब आसल तर त्यालाच भांडी घासायला सांगा,” आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये लागल्या.

तिसरं प्रकरण हिशेबाचं. हिशेबाच्या मशीनमध्ये शिरायला मोबाईलवर येणारा सहा आकडी कोड टाकावा लागे. हा कोड घड्याळाबरोबर सारखा बदलतो, आणि मोबाईलचं नि मशीनचं घड्याळ जुळत असेल तरच दार उघडतं. कुमुदताईंनी कोड टाकला, मशीन म्हणालं चूक. पुन्हा टाकला, पुन्हा चूक. त्यांनी अष्टमकरांना बोलावलं. अष्टमकरांनी स्वतःच्या मोबाईलवरचा कोड टाकला आणि दार एका फटक्यात उघडलं.

“तुम्ही आकडे नीट बघून टाकत जा,” ते म्हणाले.

असं आयुष्यात कुमुदताईंना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त चष्मा पुसला, आणि ज्यांनी त्यांच्या शाळेत नोकरी केली आहे ते सांगतील की याचा अर्थ चांगला नसतो. संध्याकाळी त्यांनी कमिटीत जाहीर केलं, की आठ दिवसांत हे नीट झालं नाही तर सर्व्हर अष्टमकरांकडून काढून घ्यावा.

अष्टमकर घाबरले. अपमानाचं दुःख होतंच, पण त्यांना दिसत होता तो पुढचा शुक्रवार. सर्व्हर गेला की बेलाच्या प्रश्नाला द्यायला उत्तर उरत नव्हतं.

त्यांच्याकडे एक शेवटचा उपाय होता, स्नॅपशॉट. मशीन एखाद्या क्षणी जसं आहे तसं टिपून ठेवायचं. पुढे काही बिघडलं तर ते उचलून त्या क्षणावर परत नेता येतं. त्यानंतर जे काही झालं ते त्याला आठवत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हरेश म्हात्रे म्हणाले होते, “मानसाला नाय करता येत काय आसा?”

अष्टमकरांनी सगळं सुरळीत असतानाचा एक स्नॅपशॉट काढून ठेवला होता. शुक्रवारची दुपार कलत आली होती, शब्बाथ लागल्यावर ते मशीनला हात लावत नसत, आणि मोबाईल सांगत होता की दिव्याला फारच थोडा वेळ उरला आहे. त्या घाईत त्यांनी कुठलं मशीन बिघडलं आहे याची चौकशी न करता चारही मशिनं एकदम मागे नेली. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, असं या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण ठळक अक्षरांत लिहितो. अष्टमकरांनी बॅकअपही घेतला होता. तो त्यांनी हिशेबाच्या मशीनमध्ये ठेवला होता आणि ते मशीनही मागे गेलं.

ते दिव्याच्या आधी घरी पोचले. बेलाने दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. अष्टमकरांनी मनातल्या मनात सर्व्हरचं नाव घेतलं, जे बहुधा नियमात बसत नसावं.

मशिनं मागे गेली, पण डब्याचं घड्याळ डब्याचंच राहिलं, त्यामुळे बिघाड होता तसाच राहिला. जे गेलं ते वेगळंच. मधल्या दिवसांत कुमुदताईंनी यजमानांच्या साठीशांतीसाठी गच्ची ठरवली होती: रविवारी संध्याकाळी जेवण आणि नाट्यसंगीत. मशीन ते विसरलं. शनिवारी हरेश म्हात्र्यांना त्याच रविवारी गच्ची मोकळी दिसली आणि त्यांनी ती पुतणीच्या हळदीसाठी घेतली. म्हात्र्यांचं नेऱ्याला फार्महाऊस आहे, तिथे हजार माणूस बसतं. पण हळद घरच्या जमिनीवर व्हावी अशी त्यांच्या आईची इच्छा होती, आणि गच्ची त्याच जमिनीवर होती, फक्त सात मजले वर. दोघांनाही मशीनने ‘आपले बुकिंग निश्चित झाले आहे’ असं कळवलं होतं. मशीनच्या दृष्टीने दोन्ही वेळा ते खरं होतं.

रविवारी दुपारी गच्चीवर दोन मांडववाले भेटले.

“ही गच्ची आमची आहे,” कुमुदताईंनी मोबाईल पुढे केला.

“आमची पन हाय,” म्हात्र्यांनी त्यांचा मोबाईल पुढे केला.

मग दोघांनी अष्टमकरांकडे बघितलं. अष्टमकरांनी दोन्ही निरोप काळजीपूर्वक वाचले आणि म्हणाले, “दोन्ही बरोबर आहेत.”

पाण्याच्या टाकीला सीमा धरून गच्चीची वाटणी झाली. अलीकडे अळूची भाजी, मसालेभात आणि जिलेबी. पलीकडे मटण, तांदळाच्या भाकऱ्या आणि बेंजो. अलीकडे साठ माणसं येणार होती आणि आली. पलीकडे किती आली याचा अंदाज कुणालाच नाही. जिन्यात रांग लागली होती एवढं खरं. गायिकाबाईंनी पहिलं पद निभावून नेलं. दुसऱ्या पदात तबलजीचा हात नकळत पलीकडच्या ठेक्यावर गेला आणि मग काही केल्या परत येईना. वैशंपायनांचे एक चुलते दोनदा टाकीपलीकडे जाऊन आले, त्याबद्दल त्या कुटुंबात अजून कुणी बोलत नाही. खुद्द वैशंपायन सरांना म्हात्र्यांच्या आईने हाताला धरून पलीकडे नेलं, आणि साठी पूर्ण झालेले सर गालाला हळद लावून, घाम पुसत, नाचून परत आले. ते इतके खुशीत होते की कुमुदताईंचा राग दुप्पट झाला.

हळदीच्या जेवणाला स्वानंद खाली आला होता, म्हणजे वर गेला होता. तिथे सगळी हकीकत त्याच्या कानावर आली. दुसऱ्या दिवशी तो जिन्याखालच्या खोलीत अष्टमकरांच्या शेजारी येऊन बसला आणि स्क्रीनकडे बघायला लागला.

“काका, होस्टचं, या डब्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे.”

“मुद्दाम ठेवलंय,” अष्टमकर म्हणाले.

“का?”

“उशीर होऊ नये म्हणून.”

“कुणाला?” स्वानंदने विचारलं.

याचा अष्टमकरांनी कधी विचार केला नव्हता. पंप, कामाला येणाऱ्या बाई, सहा आकडी कोड, सगळं एकापाठोपाठ त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. कुमुदताईंना आपण आकडे नीट बघून टाका असं म्हणालो होतो, हेही आठवलं. ते उठले, तिसऱ्या मजल्यावर गेले आणि कुमुदताईंना म्हणाले, “तुमचे आकडे बरोबर होते.” कुमुदताई म्हणाल्या, “ते मला ठाऊक होतं,” आणि आत जाऊन सभेची सूचना लिहायला बसल्या.

सभेला गणसंख्या झाली. आइस्क्रीम नव्हतं, तरी झाली. म्हात्रे अध्यक्षस्थानावरून म्हणाले, “जाऊ द्या आता, सगल्यांचा जेवान तर झाला ना,” पण कुमुदताईंनी पंपापासून सुरुवात केली आणि क्रमाने सगळं वाचलं. सर्व्हर स्वानंदकडे द्यायचा ठराव एकमताने मंजूर झाला. एका ज्येष्ठ सभासदाला काढून टाकलं असं इतिवृत्तात येऊ नये म्हणून त्याच सभेत अष्टमकरांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. “अष्टमकर आता लेकीकडे कायमचे जात आहेत,” कुमुदताई म्हणाल्या, “तेव्हा हा आपला निरोपसमारंभही समजावा.” टाळ्या वाजल्या. ही बातमी कमिटीला कुठून कळली ते अष्टमकरांना कळेना. त्यांनी स्वतः ती तेव्हाच ऐकली.

ते घरी आले तेव्हा बेला भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी शाल बघितली.

“काय झालं?”

“सर्व्हर काढून घेतला.”

“म्हणजे मार्गी लागलं तुमचं.”

अष्टमकर समोर बसले. घाईघाईने त्यांनी दुसरं काही कारण सापडतं का ते बघितलं. फ्लॅटचे कागद होते, पण ते कपाटात नीट लावलेले होते. गुडघा होता, पण तो बेलाचा होता. त्यांना फार एकटं वाटलं. शेवटी कसलीच तयारी नसताना ते बोलून गेले.

“मला जायचं नाही, बेला. मला तिकडे राहायचं नाही. मला भीती वाटते.”

एवढं बोलून ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांनी मनाशी जे चित्र रंगवलं होतं तसं काही झालं नाही. बेलाने हातातली गवारीची शेंग मोडली आणि ताटात टाकली.

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या.

“मग दर शुक्रवारी विचारतेस कशाला?”

“मी जायचं का, एवढंच विचारत होते. कायमचं जायचं का, असं एकदा तरी म्हटलं मी? तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी म्हटलं असतं, बरं, मग दोन महिने राहून येऊ. नाही म्हणालाच नाहीत तुम्ही. सर्व्हरचं होऊ दे म्हणालात. मला वाटलं, आता होईल, मग होईल. आजूबाजूला विचारायचे, त्यांनाही तेच सांगत राहिले, यांचं सर्व्हरचं झालं की जाऊ.” त्यांनी आणखी एक शेंग घेतली, पण मोडली नाही. “तिकडे पोर चालायला लागली. मी फोनवर बघितलं.”

पंप जळला याचं अष्टमकरांना वाईट वाटलं होतं, बाई काम सोडून गेल्या याचं वाटलं होतं, गच्चीचंही वाटलं होतं, पण ती नुकसानं सभेत वाचून दाखवण्यासारखी होती. हे कुणी वाचून दाखवलं नसतं. त्यांनी खांद्यावरची शाल काढून घडी केली, ती नीट झाली नाही म्हणून पुन्हा केली.

“तिकिटं काढू,” ते म्हणाले.

“किती?”

“दोन. जायची आणि यायची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौथ्या मजल्यावर जाऊन स्वानंदला सगळं समजावून आले. कुठलं मशीन कशासाठी आहे, कुणाला किती मेमरी दिली आहे आणि किती दिली आहे असं सांगितलं आहे, सगळं. स्वानंदने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, तुम्ही बिनधास्त जा. तुम्ही नसलात तरी इथे काही अडणार नाही.” या धंद्यात याहून मोठं कौतुक नाही, लावणाऱ्यावाचून चालते तीच यंत्रणा नीट लागलेली म्हणायची. अष्टमकरांनी मान डोलावली आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरले.

घरी बेला मोबाईल घेऊन तिकिटांपाशी थांबल्या होत्या.

“यायचं कधीचं टाकू? दोन महिन्यांनी?”

“तीन,” अष्टमकर म्हणाले. “इथे काही अडत नाही.”

बेलाने तीन टाकले. अष्टमकर खिडकीशी जाऊन उभे राहिले. आपण नसताना सर्व्हर एकदा तरी बंद पडावा, फार नाही, अर्धाच दिवस, असं त्यांना मनापासून वाटत होतं.